मेव्हण्याच्या हातचा दोर

कुंभारवाड्याहून रामनगरला जाणारी सकाळची बस फुलानं धरली, ती खरं तर बाजारासाठी. दोन वार पांढरं कापड, एक मातीचं मडकं, काळे तीळ आणि भटानं चिठ्ठीवर लिहून दिलेल्या आणखी चार-दोन जिनसा आणायच्या होत्या. सोमवारी तिच्या नवऱ्याचा, येसाजीचा, दर्भाचा पुतळा करून जाळायचा होता. माणूस जंगलात गेला, चाळीस दिवस उलटले आणि देह सापडला नाही, की गवताच्या माणसाला अग्नी द्यायचा आणि बाईनं कुंकू पुसायचं, अशी रीत.

पिशवीत भटाच्या चिठ्ठीशेजारी एक गुळगुळीत पत्रिकाही होती. बाजाराच्याच दिवशी अकरा वाजता रामनगरच्या सभागृहात फुलाच्या धाकट्या भावाचा, नागेशचा, जाहीर सत्कार होता. पत्रिका द्यायला आलेला माणूस म्हणाला होता, "बाजार बी व्हईल आनि कार्यक्रम बी व्हईल. येका खेपंत दोन कामं." नवऱ्याचं मडकं आणि भावाचा हार एकाच पिशवीतून आणायची ही सोय त्याला फार पसंत पडली होती. फुलानं पत्रिका घेतली.

हा सत्कार चौथा. पहिला गणेशगुडीला झाला. तिथल्या एका लॉजवर नागेश पाहुण्यांचे टॉवेल धुवायचा आणि खोल्याखोल्यांतून चहा पोचवायचा. दुसरा शाळेत, तिसरा कुठल्याशा मंडळाचा. 'सहा दिवस मृत्यूशी झुंज' अशा मथळ्याखाली पेपरात फोटोही आला. माणसांना झालंय काय कोण जाणे, कुणी मेला नाही की त्याच्या गळ्यात हार घालतात. कड्यावर येसाजी आणि नागेश, दोघं गेले. एक परत आला तो शूर ठरला. जो आला नाही त्याच्याबद्दल व्यासपीठावरून एक मिनिट शांतता पाळत, आणि त्या एका मिनिटातही कुणीतरी माइक हलला का ते बघत असे.

फुलाचं मत एका वाक्याचं होतं. बसमध्ये शेजारी बसलेल्या परशूला, म्हणजे येसाजीच्या जुन्या सोबत्याला, ते तिनं ऐकवलं. "जित्ता ऱ्हायला म्हून वीर म्हनायचं आसंल, तर आदी गोचिडाचा सत्कार कराया पायजे."

परशू हसला नाही. "वैनी, तू स्टेजवर आसं कायतरी बोलू नगो," एवढंच म्हणाला.

येसाजीचं काम काय होतं ते सांगायला हवं, म्हणजे पुढचं कळेल. भाताची शेती सगळेच करतात, तोही करायचा. पण उन्हाळ्यात तो कड्यावरचा मध काढायचा. काळी नदीच्या घळीत उभे कडे आहेत, त्यांना आग्या माश्यांची पोळी लोंबतात. वरून वेलीची शिडी सोडायची, हातात ओल्या पाल्याची धुमसती चूड घ्यायची आणि उतरायचं. शिडी झाडाला बांधलेली असते. पण उतरणाऱ्याच्या कमरेला आणखी एक दोर असतो, त्याला जीवदोर म्हणतात, आणि त्याचं दुसरं टोक झाडाला बांधत नाहीत. ते माणसानं धरायचं. आणि तो माणूस बायकोचा भाऊच असला पाहिजे. सख्खा भाऊ कधी वाटणीसाठी हात सैल करील, मित्राचं मन कुणी बघितलंय. पण बायकोचा भाऊ दोर सोडणार नाही, कारण सोडला तर बहिणीचं कुंकू जातं. 'शिडी झाडाला, जीव मेव्हण्याला,' असं गावात म्हणतात.

कड्यावर बोलायचं नाही, माश्या बिथरतात. सगळं बोलणं दोरातून. एक हिसका दिला, की आणखी दोर खाली सोड. दोन दिले, की थांब. तीन हिसके म्हणजे वर घे.

आणखी एक रीत होती. कुठल्या कड्यावर जाणार ते घरात सांगायचं नाही. नाव उच्चारलं की माश्यांना कळतं म्हणे. माश्यांना काय कळतं देव जाणे, पण यंदा घरच्यांना मात्र कळलं नाही आणि गावानं पाच दिवस भलतेच कडे धुंडाळले.

चौदा वर्षं येसाजीचा दोर फुलाचा थोरला भाऊ महाबळेश्वर धरायचा. तो दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेला. गेल्या उन्हाळ्यात येसाजी उतरलाच नाही. यंदा म्हणाला, "परशूला नेतो. त्याचं हात घट हायत." फुलानं ऐकलं नाही. परशू कितीही चांगला असला तरी परका. तिचा एक भाऊ अजून जिवंत होता, मग दोर दुसऱ्याच्या हाती का? तिनं दोन दिवस अबोला धरला, तिसऱ्या दिवशी लॉजवर फोन लावून नागेशला बोलावून घेतलं. टॉवेल पिळणारे हात तिनं नवऱ्याच्या जिवाला बांधून दिले. हे तिला रोज आठवे, आणि आठवलं की स्वतःचीच किळस येई.

नागेशची गोष्ट अशी होती. शिडी मधेच तुटली. येसाजी जीवदोरावर लोंबकळला. नागेशनं दोर धरून ठेवला, हातांतून रक्त आलं तरी सोडला नाही. शेवटी खडकाच्या धारेवर दोरच तुटला आणि येसाजी नदीत गेला. मग माश्या अंगावर आल्या, नागेश पळताना कपारीत पडला, पाय मोडला. झिरपणारं पाणी आणि डब्यातला मध, यावर सहा दिवस काढले. पहिल्या सत्कारात त्यानं दोर अर्धा तास धरला होता. शाळेत दोन तास. मंडळाच्या कार्यक्रमात दिवस मावळेपर्यंत. कथा सांगता सांगता माणसाच्या हातात किती बळ येतं, ते बघण्यासारखं होतं.

पण फुलानं त्याचे हात बघितले होते. आणलं त्या दिवशी तिनंच त्याला पेज भरवली होती. तोंड माश्यांनी सुजलेलं, ओठ फुटलेले, पाय सुजलेला. मोडलेला नव्हे, मुरगळलेला. आठ दिवसांत नीट चालू लागला. आणि तळहात? तळहात मऊ, धुतलेल्या फडक्यासारखे. एक ओरखडा नाही. चौदा वर्षं महाबळेश्वरचे तळहात तिनं पाहिले होते, कातडं म्हणजे वाळलेली फणसाची साल. ज्यानं दोर रक्त येईतो धरला त्याच्या हाताला साधा फोड नको?

ती विचारणार होती. रोज विचारणार होती. पण घरात सारखी कुणीतरी वीर बघायला आलेली माणसं असायची. आता सोमवारी पुतळा जाळला की विचारायला काही उरणार नव्हतं. जाळलेल्या माणसाची चौकशी करत नाहीत. येसाजी पडला आणि मेला, की पडला नाही आणि कुणी सोडला, एवढं तिला सोमवारच्या आत कळायला हवं होतं.

सभागृह भरलं होतं. झेंडूचा वास, घामाचा वास, वर पंख्यांची घरघर. व्यासपीठावर बाबूराव होते. हे रामनगरातले मोठे व्यापारी. दोरखंड, ताडपत्री, पाण्याचे पंप असं सगळं विकायचे आणि उरलेल्या वेळात सत्कार करायचे. त्यांनी आपल्याच दुकानातून निळ्या नायलॉनच्या दोराचं नवं कोरं वेटोळं आणलं होतं. माणसांना नुसतं सांगून कळत नाही, करून दाखवावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. दोराचं एक टोक नागेशच्या हातात द्यायचं ठरलं. दुसरं टोक त्यांनी स्वतः व्यासपीठामागच्या खिडकीतून बाहेर सोडलं. बाहेर नव्या संडासासाठी खणलेला खड्डा होता. आजच्यापुरती काळी नदीची घळ तीच.

"परशू, तू भाईर जाऊन जरा हिसकं दे की," बाबूराव हळूच म्हणाले. "लोकांस्नी खरं वाटंल."

"मला ते जमायचं न्हाई, सावकार," परशू म्हणाला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसला.

फुलाला व्यासपीठावर कडेच्या खुर्चीत बसवलं होतं. वीराची बहीण म्हणून एक नारळही मिळाला. शांततेचं एक मिनिट झालं, त्यात दोघांचे फोन वाजले. मग बाबूराव बोलले. येसाजी गेला हे फार वाईट झालं, पण दोर चांगला असता तर तुटता ना, आमच्या दुकानातला हा दोर बघा, यावर तीन माणसं लोंबली तरी काही होणार नाही, असं बोलून त्यांनी दोर दोन्ही हातांनी ताणून दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेलेल्या माणसाच्या पाठीवर उभं राहून माल विकता येतो, हे बाबूरावांना कुणी शिकवलं नव्हतं. उपजतच होतं ते.

नागेश उठला. नवा शर्ट, कपाळाला गुलाल. त्यानं दोर पाठीमागून घेऊन दोन्ही हातांत धरला आणि बोलायला लागला. चौथ्या खेपेला गोष्ट कुठेही अडखळत नव्हती.

"दाजी खाली लोंबत हुतं. मी म्हनलं, जीव गेला तरी दोर सोडनार न्हाई. आसा धरला… आसा…"

तेव्हा दोराला हिसका बसला.

नागेशचे खांदे पुढे ओढले गेले. बाबूराव खूश झाले, परशूनं ऐकलं म्हणायचं. मग त्यांची नजर पहिल्या रांगेकडे गेली. परशू तिथंच बसला होता, मांडीवर हात ठेवून.

दुसरा हिसका. लगोलग. मग जरासं थांबून तिसरा.

फुला खुर्चीत पुढं सरकली. तिला तो हात ठाऊक होता. दर उन्हाळ्यात येसाजी विहिरीतला गाळ काढायला उतरे, वर दोर ती धरी. घमेलं भरलं की तो असाच हिसकायचा. दोन लगोलग, एक थांबून. बाकीची माणसं तिन्ही हिसके सारखे देतात. ती त्याला चिडवायची, "तिसऱ्याला काय ईचार करत ऱ्हाता व्हय?"

लाइट गेली. पंखे हळूहळू थांबले, माइक मेला. पडदे ओढलेले होते, त्यामुळे उजेड तेवढा मागच्या खिडकीतून येत होता. आणि त्या खिडकीतून आत एक वास यायला लागला. ओल्या पाल्याच्या धुराचा आणि त्याखाली मधाचा, कोंदट, गोड. कुठंतरी खोल पाणी वाहत असल्यासारखा आवाज येत होता. रामनगरात नदी नाही.

नागेशनं दोर सोडला.

इतका वेळ जो कधीच सोडला नव्हता, तो त्यानं चारशे माणसांसमोर एका क्षणात सोडला, आणि तळहात शर्टाला पुसत मागे सरकला. दोर फळ्यांवरून सरसरत खिडकीकडे जाऊ लागला. फुला खुर्चीतून कधी उठली तिलाच कळलं नाही. नारळ पडला, गडगडत गेला. तिनं दोर धरला, पाठीवरून घेतला, पाय रोवले.

वजन होतं. माणसाचं वजन होतं.

"परशू भावजी," ती हळू म्हणाली, "भाईर जावा. खड्ड्यात कोन हाय बगा."

परशू धावत गेला. खिडकीबाहेर त्याचं डोकं दिसलं. तो खाली बघत होता, बराच वेळ बघत होता.

"वैनी… हितं कोन बी न्हाई." तो बाहेरून म्हणाला. "दोर सैल पडलाय. टोक मला दिसतंय… रिकामं हाय."

आत दोर वीणेच्या तारेसारखा ताणलेला होता. फुलाच्या हातांची सालटी निघत होती. पुन्हा तीन हिसके आले. दोन लगोलग, एक थांबून.

लोकांना यातलं काय दिसत होतं? एक बाई अंधारात दोर ओढतेय, एक वीर खाली बसलाय. त्यांना वाटलं नाटक चाललंय. कुणीतरी म्हणालं, काय मस्त बसवलंय. आणि टाळ्या सुरू झाल्या. त्या टाळ्यांच्या आडोशानं नागेश गुडघ्यांवर रांगत बहिणीपाशी आला.

"सोड अक्का," तो कुजबुजला. "सोड… त्यो थांबत न्हाई."

"कवापासनं थांबत न्हाई?"

नागेशनं तळहात पुन्हा शर्टाला पुसले. फुलानं दोर सोडला नाही, त्याच्याकडे बघितलंही नाही. "दोर तुटला व्हता का रं?"

"न्हाई."

मग तो बोलला. तोंड फुलाच्या पायांशी, आवाज इतका बारीक की फुला आणि शेजारी उभे राहिलेले बाबूराव, दोघांनाच ऐकू आला. शिडी तुटली हे खरं. पण येसाजी नदीत गेला नव्हता. कड्याच्या पोटात एक टप्पा होता, दोन माणसं बसतील एवढा, तिथं तो उतरला. वरून दिसत नव्हता, हाक मारली तर नदीच्या आवाजात ऐकू येत नव्हती. त्यानं तीन हिसके दिले. तेवढ्यात माश्या उठल्या. नागेशनं दोर झाडाच्या मुळीला गुंडाळला आणि कपारीत शिरला.

"सांजेला माश्या बसल्या असतील की," फुला म्हणाली.

"बसल्या… पन पाय सुजला हुता."

"दुसऱ्या दिशी?"

"मी म्हनलं जावं गावात, मानसं आनावीत. मग म्हनलं, लोक इचारतील, कालच का न्हाई आलास… लाज वाटली. तिसऱ्या दिशी तर लयच लाज वाटली. दोन दिसांचं काय सांगू?" नागेश रडत होता. "रोज वाटायचं, आता जावं. रोज येक दिस वाढायचा, अक्का."

एवढीच त्या झुंजीची हकिकत. वाघ नव्हता, पूर नव्हता, मोडलेला पाय नव्हता. येसाजीनं शिडी तुटण्याआधी वर पाठवलेला मधाचा डबा कपारीत होता. मेव्हणा तो चाटत बसला होता, आणि दोन हातांवर मुळीला बांधलेला दोर दिवसातून कितीदा तरी तीनदा हिसकत होता.

"आनि सहाव्या दिशी?"

"तुमच्या हाका आयकू आल्या." नागेशनं डोळे मिटले. "दोर ताटलेला हुता. तुमी बगितला आसता… मी कोयत्यानं कापला."

त्या दिवशी परशू आणि गावची माणसं त्या कड्यावर उभी होती. नागेशला पाणी पाजत होती, पाठीवर थोपटत होती, शाबास म्हणत होती. आणि त्यांच्या पायांखाली, वीस-पंचवीस हातांवर, तिचा नवरा कापलेला दोर हातात घेऊन बसला होता. हे सगळं तिनं स्वतः फोन करून बोलावून घेतलेल्या हातांनी केलं होतं. तिनं दोराचा एक वेढा मनगटाला घेतला.

"कापला तवा थांबला आसंल," ती म्हणाली.

नागेशनं मान हलवली. "कापल्यालं टोक माज्या हातात हुतं. खाली काय बी न्हाई, नुसतं टोक. तरी… तरी तीन हिसकं बसलं. म्हून फेकून दिलं मी."

लाइट आली. पंखे फिरले, माइक खरखरला. खिडकीतला वास गेला, पाण्याचा आवाजही गेला. बाबूरावांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं, समोर बघितलं, चारशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. मग त्यांनी शाल उचलली आणि जमिनीवर बसलेल्या नागेशच्या खांद्यावर घातली. फोटोवाला खाली वाकला. बाबूराव हसले. धंद्याच्या माणसाला आयत्या वेळी सुचतं ते असं.

फुलानं दोर नागेशच्या हातात दिला. त्याची बोटं एकेक करून त्यावर मिटवली.

"धर," ती म्हणाली. "आता तू सोडायचं न्हाई."

तिनं मडकं घेतलं नाही, कापड घेतलं नाही. दोराचे पैसे बाबूरावांनी मागितले नाहीत. दुपारच्या बसनं तिघं परतले, नागेश मधल्या सीटवर, मांडीवर निळं वेटोळं. कंडक्टरनं त्याला ओळखलं आणि तिकिटाला नको म्हणाला. अर्ध्या वाटेवर परशूनं त्याची मूठ उघडून बघायचा प्रयत्न केला. मूठ उघडली नाही. नागेश ओरडला नाही, नुसता म्हणाला, "माजी न्हाईत ही बोटं."

दुसऱ्या दिवशी परशू चार माणसं घेऊन कड्यावर गेला आणि या वेळी स्वतः खाली उतरला. टप्पा सापडला. नागेशनं सांगितलेला होता तस्साच, दोन माणसांपुरता. त्यावर येसाजी नव्हता. हाड नव्हतं, कापडाची चिंधी नव्हती, कमरेचा दोरही नव्हता. पोळ्यातलं मेण चावून थुंकलेल्या गोळ्या मात्र एका कडेला ओळीनं मांडलेल्या होत्या. परशूनं त्या मोजल्या नाहीत. वर आल्यावर फुलाला तो एवढंच म्हणाला, की बाकीच्या वाळून कडक झाल्यात, टोकाची एक अजून मऊ आहे.

सोमवारी पुतळा जाळला नाही. भट येऊन रागावून गेला. कुणी म्हणालं, नागेशला पोलिसांत द्या. फुला म्हणाली, "देऊ की. पन मग दोर कोन धरनार?"

नागेश तिच्या ओसरीवर बसून आहे. वेटोळं पहिल्याच पहाटे आपोआप सुटलं होतं. दोर अंगणातून, गवतातून, कुंपणाखालून रानात गेला होता. परशू त्याच्या कडेकडेनं चालत गेला. पार आत, एका किंदळाच्या झाडाखाली टोक पडलेलं होतं, सैल, कुणाला न बांधलेलं. ओसरीवर मात्र नागेशच्या हातांत दोर ताठ. दिवसातून एकदा, तिन्हीसांजेच्या आधी, तीन हिसके येतात आणि नागेश ओढतो. हातभर दोर आत येतो, त्याहून जास्त नाही. ओढताना त्याचे तळहात फाटतात. फुला त्यांना हळद लावते आणि आत जाते. गणेशगुडीहून अजून माणसं येतात, ओसरीवर त्याच्या शेजारी बसून फोटो काढून घेतात. वीरानं व्रत धरलंय असं त्यांच्यात बोललं जातं. कुणीतरी त्याच्या पायाशी हारही ठेवून गेलं होतं. तो शेळीनं खाल्ला.

पावसाच्या तोंडावर टोक कुंपणाच्या आत आलं. परशू बघायला गेला आणि बघतच राहिला. कारखान्यातून वितळवून आलेलं सरळ टोक होतं ते. आता त्याला फास होता. कमरेला बांधतात तसा, येसाजी मारायचा तशा डाव्या हाताच्या गाठीचा. पण फास फार लहान होता. दहा-बारा वर्षांच्या पोराच्या कमरेला बसेल एवढा. दुसऱ्या दिवशी टोक हातभर पुढं आलं आणि फास आणखी आवळलेला दिसला.

"वैनी," परशू म्हणाला, "ह्ये… ह्ये येसाजीचं माप न्हाई. बगा तुमी. ह्ये कुनाला वर घ्यायला लागलाव?"

फुला अंगणात उतरली. फासापाशी उकिडवी बसली. त्याला हात लावला नाही, नुसती वीत धरून अंदाज घेतला. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पदरानं टिपलं.

"किती वाळलाय वो," ती म्हणाली.

मग ती आत गेली, चुलीवरच्या भाताचं आधण वाढवलं, त्यात आणखी दोन मुठी तांदूळ टाकले. बाहेर दोराला हिसके बसले. दोन लगोलग, एक थांबून. आता ते फार जवळून येत होते, आणि ओसरीवर नागेश लहान पोरासारखा हुंदके देत होता.

"वड, नागेश," ती आतून म्हणाली. "भात निवतोय."